चिमणीच्या गोळ्यातले बारा ग्रॅम

तीर्थरूप आक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली आहेत. उरलेली दोन भेटीत टेकवीन.) तुझं पत्र परवा मिळालं. वजन एकोणीस ग्रॅम. त्यात मजकूर मोजून सहा ओळी, म्हणजे तू अजून तो जाडा कागद सोडलेला नाहीस. तुझ्या कानाचं कसं आहे? भावजींचा खोकला थांबला का? तू लिहितेस की त्यांचं वजन 'थोडं' उतरलं आहे. आक्का, थोडं म्हणजे किती? तराजू-काटे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात जन्मून 'थोडं' असं लिहायला तुझा हात कसा धजला, हे मला कळत नाही. वडील असते तर त्यांनी तुझं पत्र परत पाठवलं असतं.

इकडे सगळं ठीक आहे. दुकान ठीक आहे. चिमणी ठीक आहे. चिमणीची आईही ठीक आहे, असं चिमणीकडून समजतं. मला प्रत्यक्ष विचारता येत नाही, कारण ती गेले सोळा दिवस माझ्याशी बोललेली नाही. कारण विचारशील तर बारा ग्रॅम. पण ते असं एकदम सांगून तुला कळायचं नाही, तेव्हा चष्मा पुसून घे आणि बैस. सुरुवातीपासून सांगतो.

चिमणीचं नाव चिमणी का पडलं हे तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. जन्मली तेव्हा एक किलो नऊशे चाळीस. तू तेव्हा चाळीस दिवस आमच्याकडे राहिली होतीस आणि दुकानातल्या मोठ्या काट्याच्या पितळी पारड्यात मऊ दुपटं घालून आपण तिला रोज तोलायचो. (दुपट्याचं वजन वजा करून. एकशे पस्तीस ग्रॅम.) आज ती तुझ्यासमोर उभी राहिली तर तुला मान वर करावी लागेल. दारातून आत येताना ती खांदे जरा तिरपे करून येते. तरी गल्लीत, शाळेत, मैदानावर सगळे तिला चिमणीच म्हणतात आणि परगावचे पंच नावाचा पुकारा झाला की तिच्यामागे कोणी लहान मुलगी उभी आहे का ते बघतात.

तिच्या कारकिर्दीचा आरंभ आमच्या समोरच्या सलूनवाल्याच्या आरशाने झाला. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. सलूनचं दार वाऱ्याने सारखं आपटायचं म्हणून सलूनवाल्याने रस्त्यापलीकडून ओरडून एखादं जुनं वजन मागितलं. मी आतल्या खोलीत होतो. चिमणीने गल्ल्यावरचं किलोचं वजन उचललं आणि मध्ये सायकली, हातगाड्या असल्यामुळे रस्ता ओलांडायचा कंटाळा करून तिथूनच दिलं. वजन सलूनवाल्याच्या डोक्यावरून गेलं, उघड्या दारातून आत शिरलं आणि समोरच्या भिंतीवरचा आरसा घेऊन खाली बसलं. खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं. ते अर्ध्या तोंडाला फेस लावलेलं तसंच, गळ्यात पांढरं कापड, रस्त्यावर धावत आलं आणि 'कोणी फेकलं? कोणी फेकलं?' म्हणून ओरडायला लागलं. मी हात जोडून पुढे झालो. म्हटलं, लेकरू आहे, माफ करा. गिऱ्हाईक म्हणालं, माफी कसली मागता, पुन्हा फेकायला सांगा.

ते गिऱ्हाईक म्हणजे शाळेतले खेळाचे मास्तर. त्या दिवशी त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून दुकानाच्या उंबऱ्यापासून सलूनच्या भिंतीपर्यंत पावलांनी अंतर मोजलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घरी ठाण मांडलं. चिमणीच्या आईला त्यांनी पहिल्यांदा हे पटवलं की गोळाफेक म्हणतात तरी गोळा फेकायचा नसतो, मानेशी टेकवून खांद्याने ढकलायचा असतो. ती म्हणाली, ढकलायचाच असेल तर आमचं कपाट भिंतीपासून ढकलून द्या, चार वर्षं यांना सांगतेय. मास्तरांनी मुकाट्याने कपाट ढकलून दिलं. त्यानंतर तिला नाही म्हणता आलं नाही.

मग पुढची तीन वर्षं आमच्या अंगणाची काय दशा झाली ते सांगत नाही. (फरशा चौदा, नळाची तोटी एक, पाण्याच्या टाकीचं झाकण एक, आणि पावसात सराव बुडू नये म्हणून भिंतीला गादी उभी करून तिच्यावर गोळा ढकलायची माझी स्वतःची युक्ती, तिच्यापायी भिंतीपलीकडे राहणाऱ्यांची भांड्यांची मांडणी एक.) पण चौदाव्या वर्षी तिने शाळेचा विक्रम मोडला. आता गंमत अशी की तो एकोणीस वर्षं जुना विक्रम शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचाच होता, आणि टेप घेऊन मोजायला त्या स्वतःच उभ्या होत्या. पहिल्यांदा मोजलं, चिमणीचा गोळा पुढे. बाईंनी टेप झटकला, म्हणाल्या, पीळ पडला असेल. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना त्या गुडघ्यांवर बसल्या आणि उठेचनात. आम्ही घाबरलो. पण उठल्या त्या डोळे पुसत, आणि चिमणीच्या पाठीत त्यांनी अशी थाप मारली की एकोणीस वर्षांपूर्वी तो विक्रम कसा झाला असेल ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

पुढे दीड वर्ष ती शाळेच्याच गोळ्यावर खेळली. तो जुना, एका बाजूला टवका गेलेला. विक्रमवाल्या मुलीने तसल्या गोळ्यावर सराव करावा हे माझ्या मनाला पटेना. कातारी माझा मित्रच. त्याच्याकडून लेथवर लोखंडी गोळा काढून घेतला, आपण वजनांच्या बुडाला पाडतो तसं त्याला भोक पाडलं, त्यात शिसं ओतून भोक बुजवलं आणि दुकानातल्या सगळ्यात चोख काट्यावर तोलला. तिच्या वयोगटाला तीन किलोचा लागतो. त्याहून रतीभर कमी चालत नाही, किंचित जास्त चालतो. मी तीन किलो पाच ग्रॅम केला. तुला वडिलांचं आठवत असेल, काटा दुरुस्त करायचा तो घेणाऱ्याच्या बाजूने, पाच ग्रॅम वर, खाली कधीच नाही. चिमणी तो गोळा घेऊन घरी आली तेव्हा तो मातीत लोळून आला होता आणि इथे चिमणीच्या आईचा प्रवेश होतो.

तुझ्या भावजयीचा स्वभाव तुला माहीत आहे. तिच्या घरात येणारी कोणतीही वस्तू घासल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, मी धरून. तिने गोळा भांड्यांत घेतला. तारेची घासणी, खरखरीत पूड, आणि मनगटाचा तो जोर, जो चिमणीत उतरला आहे असं मास्तर म्हणतात आणि मी त्यांना दुजोरा देतो. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पातेली, ताटं, वाट्या आणि शेवटी गोळा, असा क्रम ठरून गेला. गोळा असा चकाकायचा की चिमणी त्यात बघून भांग पाडायची. इतर मुली विचारायच्या, हा कुठल्या कंपनीचा. अठ्ठावीस महिने त्यात खंड नाही. ताप आला होता तेव्हासुद्धा हिने गोळा अंथरुणाशी मागवून घेतला होता. आक्का, हा परिच्छेद विसरू नकोस, त्याचं पुढे काम आहे.

आता सोळा दिवसांपूर्वीची गोष्ट. मोठी स्पर्धा, तीसेक गावांच्या मुली, पायऱ्यांवर ही गर्दी. चिमणीच्या वयोगटाचा विक्रम बावीस वर्षं जुना, पंधरा मीटर सत्तावीस सेंटिमीटर. आणि चिमणी पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण करते. म्हणजे वयोगट बदलला, गोळा चार किलोचा झाला, आणि हा विक्रम तिच्यासाठी कायमचा हुकला. तिच्या आईने सकाळी नेहमीसारखी तिची वेणी घातली. (ही वेणी साधी नाही. गोळा जबड्याखाली टेकवायचा असतो, तिथे एक केस मध्ये आला तरी तो घसरतो. ही घालते ती वेणी तीन फेकी टिकते, मग पुन्हा घालावी लागते, म्हणून ती कायम वर्तुळाजवळच्या पहिल्या पायरीवर फणी घेऊन बसते. एकदा मी घालून बघितली होती. गोळा मास्तरांच्या दिशेने गेला.) चौथ्या फेकीला चिमणी वर्तुळात पाठमोरी उभी राहिली, वाकली, वळली आणि गोळा सुटताना तिच्या तोंडून निघतो तो हुंकार निघाला. टेप धरला. पंधरा मीटर बेचाळीस! फळ्यावर खडूने आकडा लिहिला गेला. मास्तर रडले. तिच्या आईने फणी मोडली. मी काय केलं ते आठवत नाही, पण माझी टोपी नंतर दुसऱ्याच माणसाकडे सापडली.

नियम असा आहे की विक्रम झाला की गोळा तिथल्या तिथे पुन्हा तोलायचा. सकाळी तोलला होताच, तीन किलो बरोबर भरला होता. आता पंचांनी काट्यावर ठेवला. तीन किलो. सगळे हसले. पंचांनी गोळा उचलला, काटा अजून तीन किलोच. गंमत म्हणून त्यांनी आपली पिशवी ठेवली. तीन किलो. पाण्याचा तांब्या ठेवला. तीन किलो. सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. मग कर्ण्यावरून पुकारा झाला की प्रेक्षकांत काटा दुरुस्त करणारं कोणी असेल तर त्यांनी मेहेरबानी करून मैदानात यावं.

आक्का, खरं सांगतो, मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या धंद्याचा कोणी कर्ण्यावरून पुकारा केला होता. माझ्या खिशात बारका स्क्रूड्रायव्हर आणि कसोटीच्या वजनांची डबी असतेच. तिच्या आईने माझा सदरा मागून ओढला. मी तो सोडवून घेतला आणि खाली गेलो. पारड्याच्या खाली बाटलीचं बूच अडकलं होतं, दुसरं काही नाही. ते काढलं, काटा शून्यावर आणला, डबीतली वजनं लावून तपासला, चोख झाला. आणि मग मी माझ्या हाताने, माझ्या लेकीचा, मी केलेला गोळा त्याच्यावर ठेवला.

दोन किलो नऊशे अठ्ठ्याऐंशी.

उचलला, पुन्हा ठेवला. पारडं पुसलं. पुन्हा ठेवला. आकडा काही हलेना. पंच पलीकडे कागद चाळत होते, त्यांनी न बघताच विचारलं की बरोबर आहे ना. मी वर बघितलं. फळ्यावर तो खडूचा आकडा होता. पायरीवर तिची आई मोडक्या फणीचे दोन तुकडे दोन हातांत धरून उभी होती. चिमणी बाजूला पाणी पीत होती. माझ्या मनात काय आलं ते मी तुला लिहीत नाही, कारण काहीच आलं नाही. तोंडातून आकडा निघून गेला. चाळीस वर्षांची सवय. पंचांना तोवर माहीत नव्हतं की मी कोण. ते म्हणाले, अरेरे, मुलीच्या घरच्यांना कळवायला हवं. मी म्हटलं, कळलं त्यांना.

फळ्यावरचा आकडा पुसला गेला. चिमणी माझ्याजवळ आली, किती कमी म्हणून विचारलं. मी म्हटलं बारा ग्रॅम. तिने मान हलवली, जणू दुकानात गिऱ्हाइकाचं काम समजून घेते आहे, आणि स्पर्धेचा सरकारी गोळा उचलून निघून गेली. दोन फेकी उरल्या होत्या. मघाच्या मिठ्यांत वेणी सुटली होती, आई खाली यायला तयार नव्हती, तिने केस तसेच मागे बांधले. शेवटची फेक पंधरा एकोणीस. पहिला नंबर आला, पण विक्रम आठ सेंटिमीटरने राहिला. वर्तुळातून बाहेर येताना ती मला बघून हसली. आक्का, ते हसू मला अजून गिळता आलेलं नाही.

घरी परतताना तिची आई एकदाच बोलली. बारा ग्रॅममध्ये असं येतं तरी काय, म्हणाली. मी म्हटलं, मोठा चमचाभर साखर, चमचा सपाट असेल तर. (हे बोलायला नको होतं, हे मला बोलून झाल्यावर लगेच समजलं.) मग ती म्हणाली, 'आयुष्यात एकदा, फक्त एकदा, काट्याकडे न बघता मुलीकडे बघितलं असतंत तर काय झालं असतं?' आणि तेव्हापासून जो अबोला आहे तो आजतागायत. निरोप चिमणीमार्फत येतात. जेवण वेळेवर मिळतं, पण ताट असं ठेवलं जातं की शेजारचे विचारतात काय पडलं.

मला उत्तर देता येत नाही असं नाही. येतं. पण ते उत्तर तुझ्याकडे आहे, आणि ते मी देऊ शकत नाही. तुला आठवतं ना, जन्मल्यावर अकरा दिवस चिमणीचं वजन हललं नव्हतं? उलट एक दिवस वीस ग्रॅम उतरलं. हिने अन्न टाकलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि मी दुकानातून आलो की नुसतं माझ्या तोंडाकडे बघायची. त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं, आज पंधरा ग्रॅम वाढलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणखी वीस. डॉक्टरांना मात्र रोज खरा आकडा सांगून यायचो. तू वहीत दोन रकाने पाडले होतेस, एक खरा आणि एक सांगितलेला, म्हणजे माझ्या बोलण्यात घोळ होऊ नये. ही उठून बसली, जेवायला लागली, आणि मग लेकरूही भरायला लागलं. चौतिसाव्या दिवशी खऱ्या आकड्याने सांगितलेल्या आकड्याला गाठलं तेव्हा तू आणि मी दुकानाच्या मागे जाऊन रडलो होतो. चाळीस वर्षांत मी वजन खोटं सांगितलं ते एवढंच. याच मुलीसाठी, याच बाईला.

असो. मी हे पत्र नुसतं खुशाली कळवायला लिहिलं आहे, मागायचं असं काही नाही. भावजींना नमस्कार सांग, आणि त्यांचा नेमका आकडा कळव. पत्र चिमणीच्या हाती पोस्टात पाठवतो आहे, तिच्या आईच्या हाती पडू देऊ नकोस असं तिला तीन वेळा बजावलं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. मागायचं थोडं आहे. (थोडं म्हणजे एक.) पुढच्या रविवारी, आजपासून नऊ दिवसांनी, विक्रमाची शेवटची स्पर्धा आहे. त्या दिवशीचं माझं वागणं पंचांना एवढं आवडलं की त्यांनी या स्पर्धेत गोळे तोलायला मलाच नेमलं आहे. तेव्हा मला जावंच लागणार. आणि चिमणीच्या आईने निरोप पाठवला आहे की तोलायला हे बसणार असतील तर मी येणार नाही, वेणी घरूनच घालून देते. घरून घातलेली वेणी तीन फेकींनंतर सुटणार हे तुला आता माहीतच आहे. चिमणी म्हणते मी बांधीन केस कसेही, पण काल सरावात गोळा दोनदा घसरला. आक्का, तू शनिवारच्या आत ये. तुझं चिमणीची आई ऐकते. ती वही घेऊन ये.

ता. क. २. वही आणू नकोस. सतरा वर्षांनी तिला कळलं की तिला उठून बसवणारे ते आकडे खोटे होते, तर तिला काय वाटेल? नुसती ये. किंवा आण, पण पिशवीतच ठेव.

ता. क. ३. गोळा बारा ग्रॅम कमी का भरला, हे मी शोधून काढलं आहे. केला तेव्हा पाच वर होता, म्हणजे अठ्ठावीस महिन्यांत एकूण सतरा ग्रॅम गेले. मी आठवडाभर गुपचूप भांडी घासलेल्या पाण्याचा गाळ वाळवून त्यावरून लोहचुंबक फिरवलं आणि निघालेली पूड सोनाराच्या काट्यावर तोलली. रोज एका ग्रॅमचा पन्नासावा भाग. हिशेब चोख बसतो. पण हे मी तिला मेलो तरी सांगणार नाही. तिला वाटतं विक्रम माझ्यामुळे गेला, ते तसंच असू दे. तुझ्याही तोंडून निघता कामा नये. गोळ्यात मी शिसं भरून पुन्हा तीन किलो पाच ग्रॅम केला आहे. आता प्रश्न एवढाच की तिने तो घासू नये यासाठी तिला काय कारण सांगावं. सुचलं तर कळव.

ता. क. ४.

वन्सं, नमस्कार. अक्षर बदललेलं दिसेलच. चिमणीने पत्र मला आणून दिलं. म्हणाली, आई, हे तुझ्या हाती द्यायचं नाही असं बाबांनी सांगितलंय, आणि माझ्या हातात ठेवून गेली. पाकीट उघडंच होतं. चिमणीचे बाबा पाकीट वजन केल्याशिवाय चिकटवत नाहीत, आणि वजन करायच्या नादात चिकटवायचं विसरतात. मी ते बारा दिवस पिठाच्या डब्यात ठेवलं होतं, म्हणून उशीर. कागदाला पीठ लागलं असेल तर झटकून घ्या. तुम्ही येणार म्हणून हे स्पर्धेपर्यंत प्रत्येक गाडीच्या वेळेला दारात उभे राहायचे. मला दिसत होतं. मी काही बोलले नाही, कारण आमचा अबोला चालू होता.

त्या वहीचं मला पहिल्यापासून माहीत आहे. तुम्ही ती उशाखाली ठेवायचात आणि आंघोळीला गेलात की मी काढून बघायची. दोन्ही रकाने वाचायची. पण संध्याकाळी हे यायचे, दारातच चप्पल काढायच्या आधी आकडा सांगायचे, आणि सांगताना यांचं तोंड असं व्हायचं की मला मुलीची नाही, यांचीच काळजी वाटायला लागली. म्हणून उठून जेवले. त्या दिवशी मैदानावर राग आला तो याचाच. यांना खोटा आकडा सांगायला येतच नसतं तर मी कशाला रागावले असते? येतं हे मला माहीत होतं. पण डॉक्टरांना रोज खरा आकडा सांगून यायचे, हे मात्र मला या पत्रातच कळलं. ते पुन्हा पुन्हा वाचण्यात भाजी करपली.

घासण्याचं म्हणाल, तर मोरीशी बसून चुंबक फिरवणारा नवरा मला दिसत नाही असं यांना वाटत असेल तर वाटू दे. मी फार रडले, पण यांच्यासमोर नाही. तारेची घासणी मी कळलं त्याच दिवशी टाकून दिली. आता गोळा ओल्या फडक्याने पुसते. यांना सांगू नका. यांना वाटतं आहे की मला काही माहीत नाही, आणि ते माझ्यासाठी बोलणी खातायत, यात त्यांना फार समाधान आहे.

रविवारी मी गेले. यांना न सांगता, नवी फणी घेऊन, पहिल्या पायरीवर बसले. तिसऱ्या फेकीनंतर चिमणी माझ्यासमोर येऊन पाठमोरी बसली, वेणी घातली. हे खाली काट्याशी बसले होते, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि लगेच काट्यात डोकं घातलं. पाचवी फेक पंधरा मीटर अठ्ठेचाळीस. मग यांनी गोळा तोलला. उचलला, पुसला, पुन्हा तोलला. तिसऱ्यांदा तोलून हे उभे राहिले आणि कर्णा बाजूला सारून स्वतःच्याच आवाजात आकडा सांगितला. मग जो गलका झाला त्यात मास्तर कुठे गेले ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

हे धापा टाकत पायऱ्या चढून माझ्यापर्यंत आले. सोळा अधिक नऊ, पंचवीस दिवस मी यांच्याशी बोलले नव्हते. दारात उभे राहून सांगायचे ना, तसंच तोंड करून म्हणाले, 'तीन किलो पाच ग्रॅम.'

मी विचारलं, 'आणि खरं किती?'

वन्सं, यांना आधी समजलंच नाही. मग समजलं. मी पिशवी बाजूला सरकवली, आणि हे माझ्याशेजारी बसले.